गुऱ्हाळाच्या काईलीत सेन्सर घातलाय, कधी ८५ दाखवतो कधी उणे १२७

काकवीवाला (संकेश्वर बाजू), सोमवार रात्री ९:४२

मंडळी नमस्कार, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण डोकं चालेना झालंय. आमचं घरचं गुऱ्हाळ आहे हुक्केरी तालुक्यात. आमचे गुळव्या मामा सत्तरीच्या पुढचे, बोट पाण्यात बुडवून पाक घेतात, पाण्यात सोडतात, गोळी वळली की म्हणतात उतरा. कधी चुकले नाहीत. पण ते एखाद्या दिवशी नाही आले की पोरांच्या हातनं कधी ढेप पाझरते कधी करपल्याचा वास मारतो, आणि असा गूळ बाजारात कोण घेणार सांगा. म्हणून म्हटलं आकडा दिसायला पाहिजे. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणला, डीएस१८बी२० या तापमान मोजायच्या चिपचा वॉटरप्रूफ प्रोब आणला (स्टीलच्या नळीतला), काईलीपासून खोलीपर्यंत १२ मीटर वायर ओढली. घरात टेबलावर एक नंबर चालत होता, मुठीत धरला की ३३, बर्फात शून्याच्या आसपास. गुऱ्हाळात नेला आणि तमाशा सुरू. रस अजून नुसता कोमट असतोय आणि हा ८५.०० दाखवतोय, मधेच -१२७, मग दोन मिनिटं शहाण्यासारखा, परत ८५. ४.७ के (किलोओहम) चा रेझिस्टर लावलाय. सेन्सर बदलला, दुसरा पण तसाच. दोन्ही डुप्लिकेट निघाले म्हणायचे काय?

सोल्डरगन (बेळगाव), रात्री १०:०५

दोन्ही एकदम खराब निघत नाहीत हो, वायरिंगकडे बघा. पहिलं म्हणजे ८५ हे तापमानच नव्हे. या चिपला करंट मिळाला की तिच्या आतल्या खात्यात सुरुवातीला ८५ लिहिलेलं असतं, मोजमाप झालं की तिथे खरा आकडा येतो. म्हणजे ८५ दिसलं याचा अर्थ चिप मधेच बंद होऊन परत चालू झाली, किंवा मोजायच्या आधीच तुम्ही विचारलंत. पूर्ण १२ बिटवर (सगळ्यात बारीक मोजमाप) तिला पाऊण सेकंद लागतो, ७५० मिलिसेकंद. आणि -१२७ म्हणजे कोडमधली सेन्सरची लायब्ररी सांगतेय की बाबा पलीकडनं कुणी उत्तरच देईना. दोन्ही मिळून येतायत म्हणजे माझ्या मते सप्लाय मधेच तुटतोय. वायरीत जॉइंट किती आहेत आणि कसे केलेत?

शिवार_चिकोडी, रात्री १०:११

सोपं आहे, कोडमधे लिहून टाका की ८५ किंवा -१२७ आलं तर सोडून द्यायचं आणि आधीचा आकडा ठेवायचा. माझ्या पोल्ट्रीत तसंच केलंय दोन वर्षं झाली काही त्रास नाही.

सोल्डरगन, रात्री १०:१९

पोल्ट्रीत चालतं कारण तुमच्या कोंबड्या ८५ ला जात नाहीत :) यांचा रस रोज खरोखरचा ८५ वरून जाणार आहे. आणि -१२७ लपवलंत तर वायर तुटलेली असताना जुनाच आकडा स्क्रीनवर बसून राहील आणि खाली पाक करपेल. चूक दिसू दे की, लपवायची कशाला.

काकवीवाला, रात्री १०:३०

जॉइंट दोन आहेत. एक खोलीजवळ, एक चुलाणाच्या वर वाशाला. पीळ मारून काळी टेप गुंडाळलीय. रंग लाल, काळा, पिवळा.

उद्यमबाग_फिटर, मंगळवार सकाळी ७:१०

चुलाणाच्या वर टेप?? अण्णा ती टेप उन्हाळ्यात नुसत्या उन्हानं सुटती, तुम्ही तिला वाफेत लटकवलाय. काढून बघा आत हिरवं चढलं असणार. मी फौंड्रीत पंधरा वर्षं हेच करालोय, दहातले आठ सेन्सर "गेला" म्हणून माझ्याकडं येतात ते गेलेलेच नसतात, जॉइंट गेलेला असतो. ते टेप सोडवा, वायर नवीन छिला, सोल्डर करा, वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. तीन्ही वायरींचे जॉइंट एकाच जागी करू नका, दोन-दोन इंच मागंपुढं करा म्हणजे स्लीव्ह फाटली तरी एकमेकाला लागणार न्हाई.

आणि रंगावर विश्वास ठेवू नका. लाल प्लस, काळा मायनस, पिवळा डेटा असं बहुतेक असतं, पण काही प्रोबमधे काळीच्या जागी पिवळी आणि डेटा हिरवीवर असतो. उलटी जोडली तर चिप लगेच तापती, नळी बोटाला चटका देईल इतकी. तुमची टेबलावर चालली म्हणजे रंग बरोबर आहेत, हे बाकीच्यांसाठी सांगितलो.

मास्तर_निपाणी, सकाळी ८:४५

१२ मीटर हे अंतरही सोडून देण्यासारखं नाही. ३.३ व्होल्टवर ४.७ के चा पुल-अप (डेटा वायर वर ओढून धरणारा तो तुमचा रेझिस्टर) टेबलावर ठीक, लांब वायरीवर सिग्नल वर चढायला आळस करतो. २.२ के लावून बघा. सेन्सरच्या प्लसला ५ व्होल्ट दिले तरी चालतात (३ ते ५.५ पर्यंत चालते ही चिप), मात्र पुल-अप ३.३ लाच बांधा, कारण ईएसपीच्या पायाला (पिनला) ५ व्होल्ट सोसत नाहीत. वायर कोणती आहे? लॅन केबल असेल तर डेटा आणि ग्राउंड एकाच पिळाच्या जोडीत घ्या. प्रोबच्या जवळ प्लस-मायनसमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर उत्तम. आणि ती वायर चरकाच्या मोटरीच्या केबलबरोबर एकाच पट्टीत बांधली असेल तर आज सोडवा.

काकवीवाला, मंगळवार रात्री ८:५५

फिटरसाहेब, पाय धुऊन पाणी प्यावं तुमचं. टेप काढली तर आत तांब्याला शेवाळ आल्यासारखं हिरवं, एक वायर हातात तुटूनच आली. फोटो खाली टाकलाय. बांधली होती ती पण मोटरीच्याच केबलला, मास्तरांनी कसं ओळखलं देव जाणे. सगळं नवीन केलं, २.२ के लावला. आज पूर्ण एक आदण (एका काईलीचा घाणा) बघितलं, एकदा पण ८५ ला अडकला नाही, ८४ वरून ८६ ला गेला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण. शेवटाला १०६ च्या पुढं गेल्यावर प्रोबची काळी वायर काईलीच्या काठावर मऊ पडली, चिकटली, आणि परत -१२७. आता काय?

सोल्डरगन, रात्री ९:२०

हे मीच आधी विचारायला हवं होतं, कुठल्या तापमानाला उतरवता? गूळ ११६-११८ ला उतरवतात असं पुस्तकात आहे आणि काकवी १०५-१०६ ला. चिप स्वतः १२५ पर्यंत सोसते, पण तिच्या स्वस्त प्रोबची वायर पीव्हीसी असते, ती इतक्या गरमीची नाही. शिवाय ±०.५ ची अचूकता फक्त -१० ते ८५ मध्ये आहे, त्याच्या पुढं कंपनीच ±२ म्हणते. तुम्हाला दोन डिग्रीत तर पाझरणारी ढेप आणि करपलेली ढेप असा फरक आहे. हा सेन्सर या कामाचा नव्हे. दूध, पाणी, इन्क्युबेटर, तिथं तो राजा. तुम्हाला पीटी१०० पाहिजे (तापेल तसा रेझिस्टन्स वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर), तीन वायरींचा, ६ मिमी स्टीलच्या नळीचा, टेफ्लॉन किंवा काचेच्या धाग्याच्या विणलेल्या वायरीचा. ईएसपीला जोडायला मॅक्स३१८६५ चा बोर्ड, तो पीटी१०० चा रेझिस्टन्स मोजून ईएसपीला आकडा देतो.

शहापूरकर, रात्री ९:५०

मधेच घुसतोय माफ करा. आमच्या घरी कुंदा करतात ऑर्डरचा, खव्यासाठी एक चेस्ट फ्रीझर आहे त्याला बाहेरनं कंट्रोलर लावलाय. हल्ली बंदच होत नाही, आतला खवा दगड झालाय आणि डिस्प्लेवर मात्र ४ डिग्री. कंट्रोलर गेला काय?

उद्यमबाग_फिटर, रात्री १०:०२

काळा टोपणासारखा दोन वायरींचा सेन्सर असला तर एनटीसी असणार, बहुतेक १० के वाला. तो गार झाला की रेझिस्टन्स वाढतो, गरम झाला की कमी होतो. टोपणात पाणी शिरलं की त्याच्या बाजूनंच करंटला दुसरी वाट मिळती, रेझिस्टन्स कमी दिसतो, कंट्रोलरला वाटतंय अजून गरम आहे, चालू दे. म्हणून खवा दगड. सेन्सर कंट्रोलरमधनं काढून मीटरवर बघा, २५ डिग्रीला १० के च्या जवळ पाहिजे, बर्फाच्या पाण्यात २७ ते ३३ के च्या मधे कुठंतरी (प्रकारावर आहे ते). बर्फात पण १५ के च दाखवला तर टाकून द्या, शंभरात नवीन येईल. आणि नवीन बसवताना वायर शिरते ते तोंड वर येईल असं ठेवू नका, ओघळ आत जाणार नाही असं बसवा. आता फुटा, धागा गुळाचा आहे :) कुंदा पाठवा पण.

काकवीवाला, शुक्रवार रात्री ९:१५

बेळगावला जाऊन आलो. दुकानाचं नाव घेत नाही, पोरगा म्हणाला पीटी१०० हाच, नळी तीच ६ मिमीची स्टीलची, घेऊन आलो. जोडला तर बोर्ड काय भलतंच दाखवतोय. वायरी दोनच आहेत, एक लाल एक पिवळी. पीटी१०० दोन वायरींचा पण येतो ना?

उद्यमबाग_फिटर, रात्री ९:२३

येतो पण हा न्हवं. लाल-पिवळी म्हणजे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींचा सेन्सर) दिलाय तुम्हाला, के टाइप, अमेरिकन रंगाचा. मीटर लावा, दोन्ही वायरीत मोजके ओहम दाखवला तर थर्मोकपल. पीटी१०० असता तर खोलीच्या तापमानाला ११० च्या जवळ पाहिजे.

सांगूनच टाकतो, कारण यात सगळेच फसतात. अमेरिकन रंगात लाल म्हणजे मायनस. हो मायनस. आपल्या पोरांच्या हाताला लाल म्हणजे प्लस अशी सवय, उलटी जोडतात आणि मग भट्टी तापवली की आकडा खाली खाली जातो. युरोपच्या रंगात के टाइप हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. रंगच उडाले असतील तर लोहचुंबक लावा, के मधे जी वायर चुंबकाला ओढली जाती ती मायनस. जे टाइप मधे उलट आहे, तिथं लोखंडाची वायर प्लस असती, त्यामुळं टाइप माहीत असल्याशिवाय चुंबक काढू नका.

एकदा एका कारखान्यात (नाव नको) मला बोलावले, ओव्हन सकाळी बरोबर आणि दुपारी वीस डिग्री कमी दाखवतो म्हणून. दोन कंट्रोलर बदलून झाले होते त्यांचे. मी बघितलो तर थर्मोकपलची वायर कमी पडली म्हणून कुणीतरी मधे साधी तांब्याची वायर जोडलेली, आणि तो जॉइंट ओव्हनच्या डोक्यावर. सकाळी ओव्हन गार, जॉइंट पण गार, म्हणून बरोबर. दुपारी जॉइंटच्या जागेला साठ आणि पॅनलमधे चाळीस, झाले की वीस कमी. थर्मोकपल वाढवायचा तर त्याच जातीची वायर लागती, तांबं चालत न्हाई.

मास्तर_निपाणी, रात्री ९:४०

के टाइप तुमच्या कामाला अगदी निरुपयोगी नाही, पण साध्या प्रतीच्या के मध्ये दोन-अडीच डिग्रीची चूक धरूनच चालायचं. फाउंड्रीला तेवढं चालतं, गुळाला नाही. परत करा.

काकवीवाला, रविवार सकाळी ११:३०

परत केला. थोडी कुरबुर झाली पण दिला बदलून. आता तीन वायरी आहेत, दोन लाल एक पांढरी. दोन लालमध्ये ०.४ ओहम, लाल-पांढरीत ११०.३. दोन लालपैकी एक मी कापून टाकली तर चालेल ना? १२ मीटर न्यायला घरात दोन कोअरचीच वायर शिल्लक आहे.

सोल्डरगन, सकाळी ११:३८

थांबाआआ. कापू नका!

ती दुसरी लाल वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजून वजा करायला दिलेली असते. हिशोब करून दाखवतो. पीटी१०० शून्याला १०० ओहम, शंभराला १३८.५१, म्हणजे एका डिग्रीला साधारण ०.३८५ ओहम. तुमची अर्धा स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, १२ मीटर जायची १२ यायची, जवळजवळ ०.९ ओहम. म्हणजे सेन्सरनं काही न करता दोन-सव्वादोन डिग्री फुकटची वाढली. तीन कोअर घ्या, तिन्ही एकाच जाडीच्या एकाच लांबीच्या, तरच वजाबाकी बरोबर होते. बोर्ड ईएसपीच्या शेजारी खोलीतच ठेवा, लांब वायर सेन्सरच्या बाजूला असू दे.

बोर्डवर तीन वायरींसाठी एक ट्रेस (छापील तांब्याची रेघ) कापून जंपर (जोडायचे ठिपके) सोल्डर करावे लागतात, ते विसरतात लोक. त्यावरचा मोठा रेझिस्टर ४३० ओहमचा आहे ना बघा, ४३०० असला तर तो पीटी१००० चा बोर्ड. आणि कोडमध्ये ५० हर्ट्झचा फिल्टर चालू करा, काही न सांगता तो ६० वर असतो आणि आपली लाईन ५० ची, मोटर चालू झाली की आकडा थरथरतो तो यानंच. ९८८ दिसलं तर वायर तुटली, -२४२ दिसलं तर शॉर्ट आहे किंवा बोर्डच बोलत नाही.

तुमचे ११०.३ मधून लाल-लालचे ०.४ वजा करा, १०९.९, म्हणजे २५-२६ डिग्री. सेन्सर झकास आहे.

काकवीवाला, सोमवार रात्री १०:१०

तीन कोअर ओढली, सगळं सांगितल्यासारखं केलं. बर्फाचा चुरा करून बघितलं, ०.२. मग पातेल्यात पाणी उकळलं, खळखळा उकळतंय आणि आकडा ९७.८ वर ठाम. २.२ कमी. कोडमध्ये २.२ मिळवून टाकू का?

मास्तर_निपाणी, रात्री १०:२५

मुळीच नको, तुमचा सेन्सर खरं बोलतोय. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रकाठी. उंचीवर हवेचा दाब कमी, दर तीनशे मीटरला साधारण एक डिग्री आधीच उकळतं. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, तिथं ९७.५ च्या आसपास. संकेश्वर त्याहून थोडं खाली, तुमचे ९७.८ अगदी बसतात. बेळगावातल्या कितीतरी ओव्हनवाल्यांनी उकळत्या पाण्याला १०० धरून कंट्रोलरमध्ये अडीच डिग्री उगाच मिळवून ठेवलेत हे मी स्वतः बघितलंय.

आणि याच्यातच पुढची गोष्ट आहे. पाण्याचं झालं तेच पाकाचं. पुस्तकातले ११८ तुमच्याकडे ११८ ला येणार नाहीत, आधीच येतील. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा, मामांना शेजारी बसवा, ते उतरा म्हणतील तो आकडा वहीत लिहा. आठ-दहा आदणं लिहा.

काकवीवाला, बुधवार रात्री ९:३०

लिहिलं, पण गोंधळ आहे. काल तीन आदणं. मामा उतरा म्हणाले तेव्हा आकडे १०९, १०१, ११२. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. आणि त्यांची गोळी तर तिन्ही वेळा बरोबर, ढेपा बघितल्या सकाळी, दगड. वायर हलवून बघितली, मीटर लावला, काही तुटलेलं नाही. मामा म्हणतात तुझ्या नळीला ताप आलाय.

उद्यमबाग_फिटर, रात्री ९:४४

नळी काईलीत कशी सोडलाय?

काकवीवाला, रात्री ९:४६

वरच्या वाशाला तारेनं टांगलीय.

उद्यमबाग_फिटर, रात्री ९:५२

मग बरोबर. अण्णा, सुरुवातीला काईल रसानं भरलेली असती, शेवटाला पाक किती उरतो? पाव पण न्हाई. नळी आहे तिथंच, पाक खाली गेला. शेवटी तुमचा सेन्सर नुसत्या फेसात आणि वाफेत लोंबकळालाय, तो वाफेचं तापमान सांगालाय. सेन्सर पण बरोबर, वायर पण बरोबर, जागा चुकली. टोकाचं निदान ६ सेंटिमीटर पाकात बुडालेलं पाहिजे ६ मिमीच्या नळीला, न्हाईतर नळीच गरमी बाहेर ओढून नेती. आणि बुडाला टेकवू नका, खालनं चिपाडाचा जाळ आहे, तिथं भलतंच जास्त दाखवील. लोखंडी पट्टीचा काटकोनात वाकडा हात करा, काईलीच्या काठाला अडकवायचा, नळी आडवी, बुडापासून इंचभर वर. पाक ढवळताना फावडं लागणार न्हाई अशा कोपऱ्यात. वायर काठाच्या बाहेरनं खाली आणू नका, वर न्या, आगीची झळ काठाच्या बाहेरच जास्त असती.

शिवार_चिकोडी, रात्री १०:०१

हे भारी आहे. इतके दिवस आपण चिप, रेझिस्टर, हर्ट्झ करतोय आणि शेवटी तारेनं टांगलेलं.

काकवीवाला, पुढच्या मंगळवारी रात्री ९:०५

हात करून घेतला गावातल्या वेल्डरकडनं. सात आदणं झाली. मामांची गोळी आणि आकडा: ११५.२, ११४.८, ११५.५, ११५.०, ११४.९, ११६.१ (या वेळी मामा फोनवर बोलत होते), ११५.१. काकवी काढली एकदा, १०३.९ ला. आता ११३ ला बझर वाजतो म्हणजे पोरं जाळ ओढायला पळतात. मामा अजून गोळी बघितल्याशिवाय उतरू देत नाहीत, पण बझर वाजला की स्वतःच पाण्याची वाटी घेऊन उठतात हे मी बघून ठेवलंय. शहापूरकर, तुमच्या फ्रीझरचं काय झालं?

शहापूरकर, रात्री ९:४०

बर्फात ११ के दाखवत होता, बदलला. टोपण फोडलं तर आतनं पाण्याचा थेंब पडला. कुंदा फिटरसाहेबांना पोचलाय, बाकीच्यांनी शहापुरात यावं.

काकवीवाला, शनिवार सकाळी ६:५०

सकाळी सकाळी स्क्रीनवर ९८८. घाबरलो नाही, मीटर घेऊनच बसलो. खोलीकडनं लाल-लाल ओपन, लाल-पांढरी पण ओपन. वायर हातानं चाचपत गेलो तर चिपाडाच्या गंजीमागं दोन कोअर उंदरानं कुरतडलेत, पांढरी तेवढी शाबूत. जोडतो आता, जॉइंट मागंपुढं करून. स्लीव्ह मात्र संपल्यात, संकेश्वरात दुकान दहाला उघडतंय, तोवर पहिलं आदण मामांच्या बोटावर.